केशरी रंगाचे दोन शेजारी

रात्रपाळी संपवून सकाळी घरी निघाले आणि रात्री पाऊस होऊन गेलेला असला, की शेवटचे दोन मैल मी गाडी बैलगाडीच्या वेगानं आणते. मागून कुणी घाईत आलंच तर बाजूला घेते, त्यांना पुढं जाऊ देते. आमच्या घराकडे येणारा रस्ता जंगलातून जातो आणि ओल्या डांबरावर तेव्हा एफ्ट नावाचे छोटे चार पायांचे प्राणी निघालेले असतात. बोटाएवढे, गाजराच्या रंगाचे. एखादा दिसला की इंडिकेटर लावून थांबायचं, हात बाटलीतल्या पाण्यानं ओले करायचे, त्याला अलगद उचलायचं आणि ज्या बाजूला तोंड करून निघाला होता त्याच बाजूच्या पानांत सोडायचं. जिथून आला त्या बाजूला सोडला तर थोड्या वेळानं तो पुन्हा रस्त्यावर येतो, हे मला पहिल्याच वर्षी कळलं.

मी मूळची सांगलीची. पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्ये, अ‍ॅमहर्स्टच्या जवळ, आता सव्वीस वर्षं झाली. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या तपासण्या करते. घराला लागून जंगल, जंगलात बीव्हरनं अडवलेलं एक तळं, आणि घरापुढच्या उतारावर आम्ही मुद्दाम न कापता ठेवलेलं गवत. त्या गवतात मिल्कवीडची झुडपं आहेत आणि जूनपासून त्यांच्यावर मोनार्क फुलपाखरं येतात. म्हणजे माझ्या एका हाताला मोनार्क, दुसऱ्या हाताला एफ्ट. दोघेही केशरी, दोघेही विषारी, आणि दोघांनाही लांबून दिसण्याची जराही भीती नाही. या दोघांबद्दल लिहायचं बरीच वर्षं मनात होतं.

आधी एफ्टची ओळख करून द्यायला हवी, कारण मोनार्कची बहुतेकांना असते. मागच्या वर्षी व्हिडिओ कॉलवर मी आईला एक एफ्ट दाखवला. भूर्जाच्या पडलेल्या बुंध्यावर तो चालला होता. आई म्हणाली, "अगं, ही सापसुरळी. सोड तिला, हात लावू नकोस."

आईचं बरोबरच आहे, कारण आपल्याकडं जे आहे त्याच्याशीच ती ताडून बघणार. महाराष्ट्रात सॅलॅमँडर नाहीत. सह्याद्रीत बेडूक आहेत, देवगांडूळ आहेत, पण शेपूटवाले, चार पायांचे उभयचर बघायचे तर थेट दार्जिलिंगच्या बाजूला जावं लागतं. तिथं हिमालयन न्यूट आहे. म्हणून मराठीत या प्राण्याला नाव नाही आणि मलाही सॅलॅमँडरच म्हणावं लागतं. मी आईला फोन जवळ नेऊन दाखवलं. सापसुरळीच्या अंगावर खवले असतात, ती चकचकीत असते, पायांना नख्या असतात. याला खवले नाहीत, नख्या नाहीत. कातडी बारीक रवाळ, मखमलीसारखी. पुढच्या पायाला चार बोटं, मागच्या पायाला पाच. पाठीवर दोन्ही बाजूंनी लाल ठिपक्यांची रांग आणि प्रत्येक ठिपक्याभोवती काळं कडं, अगदी कुणीतरी सुईनं ओढल्यासारखं. डोळे सोनेरी, मधून एक काळी आडवी रेघ. आणि चाल! उजवा पुढचा आणि डावा मागचा असे पाय एकदम उचलायचे, टेकायचे, थांबायचं. थांबला की गळ्याखालची कातडी भराभर वर-खाली होत राहते. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "याला घाई नाही बघ कशाची."

एफ्ट हा वेगळा प्राणी नाही. ईस्टर्न न्यूट नावाच्या सॅलॅमँडरची ती तरुण वयातली अवस्था. न्यूट आणि एफ्ट हे शब्दही मुळात एकच आहेत. जुन्या इंग्रजीतल्या त्या एका शब्दाला त्याच्या आधी येणाऱ्या 'अन'मधला 'न' चिकटून 'न्यूट' झाला आणि न चिकटता राहिला तो 'एफ्ट'. न्यूट पाण्यात जन्मतो, पिसांसारखे कल्ले घेऊन. उन्हाळा संपता संपता कल्ले जातात, फुप्फुसं येतात, अंग केशरी होतं आणि तो तळं सोडून जंगलात शिरतो. तिथं दोन-तीन वर्षं, कधी सात वर्षंसुद्धा राहतो. मग एके दिवशी पुन्हा पाण्याची वाट धरतो. पाण्यात परतला की कातडी गुळगुळीत होते, रंग बदलून शेवाळी हिरवा होतो, शेपटी चपटी होऊन वल्ह्यासारखी पसरते. लाल ठिपके तेवढे राहतात. म्हणजे एकाच आयुष्यात दोन रूपांतरं. पाण्यातून जमिनीवर आणि जमिनीवरून पुन्हा पाण्यात.

मोनार्कशी माझी ओळख इथं झाली, पण तिच्या चुलत घराण्याशी मी लहानपणापासून परिचित होते. सांगलीत आमच्या गल्लीच्या टोकाला मारुतीचं देऊळ. शनिवारी सकाळी आजी मला रुईची पानं आणायला पिटाळायची. अकरा पानं, किडकी नकोत, फाटकी नकोत. आणि बजावायची, चीक डोळ्याला लावू नकोस. रुई ओढ्याच्या काठानं रानोमाळ वाढलेली असायची, पण निम्म्या पानांना भोकं. भोकं करणारी अळी तिथंच बसलेली असायची, काळे, पांढरे, पिवळे पट्टे अंगावर घेऊन, कुणाचीही भीती न बाळगता. तिचंच पुढं केशरी फुलपाखरू व्हायचं. त्याला बिबळ्या कडवा म्हणतात हे मला खूप नंतर, एका फुलपाखरांच्या यादीत कळलं. कडवा हे नाव ज्यानं दिलं त्याला माझा नमस्कार. एका शब्दात त्या सगळ्या घराण्याची गोष्ट सांगून टाकली आहे. मोनार्क त्याच घराण्यातली आणि मिल्कवीड रुईच्याच कुळातलं. पान मोडलं की तसाच पांढरा चीक. आपल्या बागांतून हळदीकुंकू नावाचं लाल-पिवळ्या फुलांचं झुडूप असतं, ते तर सरळ मिल्कवीडच. इथं आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात रस्त्याकडेला ते पान मोडून पाहिलं, बोटाला चीक लागला आणि शनिवारची सकाळ आठवली. अळी शोधायला वाकले तर पानाखाली ती होती. तेच पट्टे.

आता विषाबद्दल. इथं मला माझ्या कामातलं थोडं सांगावं लागेल, कारण या दोघांकडे मी ज्या नजरेनं बघते ती नजर मला लॅबनं दिली आहे.

रोज रात्री मी शेकडो नळ्यांमधलं सोडियम मोजते. १३५ ते १४५ च्या मध्ये आकडा असला की पुढं जायचं. शरीरातली प्रत्येक पेशी रात्रंदिवस सोडियम बाहेर ढकलत असते आणि पोटॅशियम आत घेत असते. त्यासाठी पेशीच्या भिंतीत पंप असतात. आणि मज्जातंतूतून निरोप जायचा असला, स्नायू हलायचा असला, की त्याच भिंतीतली दारं क्षणभर उघडतात आणि सोडियम आत धावतं. बाहेर काढायला पंप, आत यायला दार. हृदयाचा ठोका, पापणीची उघडझाप, सगळं या येण्याजाण्यावर चालतं.

मिल्कवीडच्या चिकात जे विष असतं ते पंप अडवतं. आमच्या लॅबमध्ये डिगॉक्सिन नावाच्या औषधाची पातळी मोजायला नळ्या येतात. अशक्त झालेल्या हृदयाला जोर यावा म्हणून ते देतात. ते याच जातीचं रसायन, फक्त दुसऱ्या झाडातून आलेलं. एक मिलिलिटर रक्तात एखादा नॅनोग्रॅम असला तर औषध, दोनच्या वर गेला की आम्ही फोन उचलून वॉर्डला कळवतो. इतकी बारीक रेघ. आणि मोनार्कची अळी चिकातलं ते रसायन पानाबरोबर दिवसभर खाते, अंगात साठवते, फुलपाखरू झाल्यावरही बरोबर नेते. तिला काही होत नाही, कारण तिच्या पंपाची घडण दोन-तीन जागी बदललेली आहे. विषाला तिथं नीट धरताच येत नाही.

न्यूटचं विष दार अडवतं. ते टेट्रोडोटॉक्सिन. कोकणात ज्याला केंड म्हणतात आणि जाळ्यात आला तर कोळी फेकून देतात, त्या फुगणाऱ्या माशांमध्ये असतं तेच. दार बंद झालं की मज्जातंतूतून निरोप जात नाही, स्नायू गप्प होतात, श्वास थांबतो. आणि न्यूटला ते का बाधत नाही? त्याच्याही दाराची घडण बदललेली आहे.

हे पहिल्यांदा वाचलं ती रात्र मला आठवते. अ‍ॅनालायझर चालू होता, पडद्यावर सोडियमचे आकडे सरकत होते, १३८, १४१, १३६. आणि मी विचार करत होते की एक किडा आणि एक उभयचर, ज्यांचा पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळा झाला, ते दोघे सोडियमच्या एकाच वाटेवर जाऊन उभे राहिले. एकानं पंप धरला, दुसऱ्यानं दार धरलं. दोघांनी आधी स्वतःचं कुलूप बदलून घेतलं आणि मग जगाला सांगायला अंगावर तोच रंग चढवला.

तो रंग पक्ष्यांना कळतो का, हे ज्यांनी तपासून पाहिलं ते लिंकन ब्रॉवर इथं अ‍ॅमहर्स्ट कॉलेजमध्येच शिकवत होते. साठच्या दशकात त्यांनी मोनार्क कधीच न पाहिलेल्या 'ब्लू जे' नावाच्या निळ्या पक्ष्यांना मोनार्क खायला दिली. पक्ष्यानं खाल्ली, थोड्या वेळानं पिसं फुलवून ओकला. नंतर मोनार्क नुसती दिसली तरी तोंड फिरवायला लागला. मग ब्रॉवर यांनी काही अळ्यांना निवडून निवडून कोबीवर वाढवलं. त्या अळ्यांची फुलपाखरं दिसायला तशीच होती, पण पक्ष्यांनी बिनघोर खाल्ली. विष झाडाचं होतं हे त्यातून सिद्ध झालं. माझ्या घरापासून काही मैलांवर हे झालं आहे याचं मला फार अप्रूप वाटतं. बाजारात जाताना कॉलेजवरून गेले की दर वेळी तो ओकणारा पक्षी डोळ्यांपुढं येतो.

एफ्टची कातडी पाण्यातल्या प्रौढ न्यूटच्या कातडीपेक्षा सुमारे दहापट विषारी निघाली आहे. जंगलात उघड्यावर दिवसा हिंडायचं तर तेवढी तयारी हवीच. गंमत अशी की दोघांचेही नकलाकार आहेत. व्हाइसरॉय नावाचं फुलपाखरू मोनार्कसारखं दिसतं. आणि आमच्या जंगलात एरवी पाठीवर लाल पट्टा घेऊन फिरणारा एक साधा सॅलॅमँडर आहे, त्याच्यातले काही अख्खे केशरी जन्माला येतात आणि एफ्ट समजून पक्षी त्यांना सोडून देतात. मी स्वतः दोनदा फसले आहे. कातडी पाहायची. ती ओली, चकाकती असली तर नकलाकार, कोरडी आणि रवाळ असली तर एफ्ट.

(एक सांगून ठेवते. एफ्टला हात लावल्यानं काही होत नाही, पण नंतर हात धुवा, डोळ्याला लावू नका, आणि त्याला उचलण्याआधी हाताला सॅनिटायझर किंवा क्रीम असेल तर ते धुऊन टाका. तो कातडीतूनही श्वास घेतो.)

मोनार्कचं रूपांतर मी दर वर्षी बघते आणि दर वर्षी हातातला चहा गार होतो. मागच्या ऑगस्टमध्ये पायऱ्यांच्या कठड्याखाली एक कोष लागला. पोपटी, वरच्या कडेला सोन्याच्या ठिपक्यांची रांग, पैठणीच्या काठासारखी. बारा दिवस तसाच. तेराव्या संध्याकाळी कोष काळपट दिसायला लागला आणि टॉर्च लावला तर आत घडी घातलेले केशरी पंख. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. पहाटेपासून खुर्ची टाकून बसले. साडेआठच्या सुमाराला कोषाला खालून चीर गेली आणि मिनिटभरात ती बाहेर. पोट फुगलेलं, पंख चुरगळलेल्या रुमालासारखे. रिकाम्या कोषाला पायांनी घट्ट धरून लटकली आणि पोटातलं पाणी पंखांत ढकलायला लागली. पंख दिसत दिसत मोठे होत गेले, पंधरा-वीस मिनिटांत सपाट. या सगळ्यात एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटते. तिची सोंड बाहेर येते तेव्हा दोन वेगळ्या पन्हळींची असते. ती सोंड गुंडाळते, उलगडते, पुन्हा गुंडाळते, आणि तसं करता करता त्या दोन पन्हळी जोडून एक नळी करते. हे जमलं नाही तर तिला आयुष्यात मध पिता येणार नाही. मी श्वास धरून बघत होते. जमलं.

कोषाच्या आत अळीचं जवळजवळ सगळं शरीर मोडून काढलं जातं. जबडा जातो, पानं पचवणारं आतडं जातं, आणि अळीच्या अंगात चिमूटभर पेशी जपून ठेवलेल्या असतात त्यांच्यापासून पंख, पाय, डोळे उभे राहतात. न्यूट असं काही मोडत नाही. तो अंगावरचं अंगावर ठेवूनच हळूहळू बदलतो. आणि त्याला दुरुस्ती येते. पाय तुटला तर हाडं, स्नायू, बोटांसकट पुन्हा पाय येतो. डोळ्याचं भिंग काढलं तर बुबुळाच्या वरच्या कडेतून नवं भिंग तयार होतं. शंभराहून जास्त वर्षं शास्त्रज्ञ हे बघत आहेत. मोनार्कचा पंख एकदा फाटला की फाटलाच. ऑगस्टअखेर गवतात चिंध्या झालेल्या पंखांनी फिरणाऱ्या माद्या दिसतात. तशाही पानापानावर बसून, पोट वाकवून एकेक अंडं चिकटवत असतात. एकेक. न्यूटची मादीही अशीच, पाणवनस्पतीचं पान मागच्या पायांनी दुमडून त्यात एक अंडं ठेवते, मग दुसरं पान. दोनशे-चारशे अंडी, प्रत्येकाला वेगळी घडी. दोघींचा हा एक स्वभाव सारखा आहे आणि तो मला फार जवळचा वाटतो.

पहिल्या वर्षी मी हौसेनं एका नर्सरीतून मिल्कवीडची रोपं आणली होती. तरारलेली, एकही भोक नसलेली पानं. त्यांच्यावर नऊ अळ्या आल्या आणि चार दिवसांत नऊच्या नऊ काळ्या पडून खाली. रोपांवर कीटकनाशक होतं. विचारायला गेले तर काउंटरवरच्या मुलीला माहीतच नव्हतं. ज्या झाडावर 'फुलपाखरांसाठी' अशी पाटी लावली होती त्याच झाडानं त्यांना मारलं. त्या नऊ अळ्या मी मोजल्या होत्या म्हणून जास्त लागलं. तेव्हापासून रस्त्याकडेच्या झाडांच्या शेंगा गोळा करते, बी थंडीत जमिनीत पेरते आणि भोकं पडलेलं पान दिसलं की बरं वाटतं.

जाण्याबद्दल लिहायचं राहिलं, आणि खरं तर मला त्याबद्दलच लिहायचं होतं.

जून-जुलैतली मोनार्क दोन ते सहा आठवडे जगते. पण ऑगस्टच्या अखेरीस कोषातून निघणारी पिढी वेगळी. ती हिवाळा सरेपर्यंत अंडी घालत नाही, आठ-नऊ महिने जगते आणि इथून साडेतीन हजार किलोमीटरहून लांब, मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरांत जाते. तीन हजार मीटर उंचीवरच्या ओयामेल नावाच्या फर वृक्षांवर कोट्यवधी फुलपाखरं एकमेकींना बिलगून हिवाळा काढतात. डोंगरातल्या लोकांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मृतांच्या सणाच्या दिवसांत येतात, म्हणून ते त्यांना घरी आलेले पूर्वज मानतात. बाहेरच्या जगाला पत्ता लागला तो जानेवारी १९७५ मध्ये. टोरांटोचे फ्रेड अर्कहार्ट अनेक वर्षं फुलपाखरांना चिठ्ठ्या लावून शोध घेत होते. त्यांच्यासाठी हिंडणाऱ्या केन ब्रगर आणि कातालिना अग्वादो यांना ती झाडं सापडली. पुढच्या वर्षी अर्कहार्ट स्वतः तिथं गेले तेव्हा त्यांना मिनेसोटातल्या शाळकरी मुलांनी चिठ्ठी लावलेलं एक फुलपाखरू मिळालं. हे वाचताना माझ्या अंगावर अजूनही काटा येतो.

जी जाते ती आधी कधीच तिथं गेलेली नसते. वसंतात तिथून निघालेल्या माद्या टेक्सासच्या आसपास अंडी घालून मरतात. त्यांची लेकरं आणखी उत्तरेला येतात, त्यांची आणखी. माझ्या कठड्याखाली जन्मलेली ही तिसरी-चौथी पिढी. पणजी ज्या झाडावर होती त्या डोंगरात पणतीनं जायचं, वाट दाखवायला कुणी नाही. सूर्याकडे बघून दिशा धरायची तर दिवसभर सूर्य सरकतो, म्हणून घड्याळ लागतं. ते घड्याळ तिच्या मिशांमध्ये आहे. वूस्टरच्या वैद्यकीय विद्यापीठात, इथून तासाभरावर, २००९ मध्ये मिशांना काळा रंग लावून पाहिलं. रंग लावलेल्या फुलपाखरांची दिशा चुकली. आभाळ भरून आलं तर पृथ्वीच्या चुंबकाचा आधार घेतात, हेही तिथल्याच लोकांनी पुढं दाखवलं.

आणि न्यूट? त्याचा प्रवास फार तर आठशे मीटर. पण तीन इंचांच्या प्राण्याला, सावकाश पाय टाकत, मुळं, दगड, साचलेली पानं आणि मध्ये एक डांबरी रस्ता ओलांडून जायचे ते आठशे मीटर आहेत. आणि तो जातो ते कुठल्याही पाण्यात नाही. न्यूटलाही पृथ्वीचं चुंबकत्व कळतं. जॉन फिलिप्स यांनी १९८६ मध्ये ते दाखवलं. कित्येक किलोमीटर दूर नेऊन ठेवलेले न्यूटसुद्धा आपल्या तळ्याच्या दिशेला तोंड करून चालायला लागतात. अगदी लहान असताना ज्या पाण्यातून बाहेर पडला त्या पाण्याकडे वळायला याला चार, पाच, सात वर्षंही लागतात. तेवढ्या काळात मोनार्कच्या वीस-पंचवीस पिढ्या होऊन जातात.

माझी लेक इथंच जन्मली. सांगलीला ती पहिल्यांदा गेली तेव्हा सात वर्षांची होती. रिक्षातून उतरली आणि आजीच्या घरात अशी शिरली की जणू कालच तिथून गेली होती. माठ कुठं आहे हे तिला सांगावं लागलं नाही. मी मात्र दारात उभी राहून आधी रंग बघत होते, बदललेली कडी बघत होते. परवा दोघी कठड्यापाशी बसलो होतो तेव्हा तिनंच म्हटलं, "आई, मी यांच्यातली आहे आणि तू त्या एफ्टांमधली." मला ते पटलं.

मोनार्कसाठी लोक पुष्कळ करतात आणि ते व्हायलाच हवं. १९९६-९७ च्या हिवाळ्यात मेक्सिकोत १८ हेक्टर जंगल त्यांनी भरलं होतं. २०१३-१४ मध्ये ०.६७ हेक्टर. २०२३-२४ मध्ये ०.९, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात १.७९. तणनाशकांनी शेतांतलं मिल्कवीड गेलं, तिकडं ओयामेल तोडले गेले, हवा बदलली. डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या केंद्र सरकारनं तिला धोक्यातल्या प्रजातींत घालण्याचा प्रस्ताव मांडला. आमच्या वाचनालयात मोनार्कचं मोठं चित्र आहे, शाळेत मोनार्कची बाग आहे.

एफ्टचं चित्र मला कुठंही दिसलेलं नाही. शेजारच्या न्यू हॅम्पशायरनं १९८५ मध्ये त्याला आपला राज्य-उभयचर केलं, त्याबद्दल मला त्या राज्याविषयी प्रेम आहे. पण तो भरपूर आहे, रोजचा आहे, म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि हीच मला भीती वाटते. नेदरलँड्समध्ये सॅलॅमँडर पटापट मरायला लागले, त्याचं कारण शोधताना २०१३ मध्ये एक नवी बुरशी सापडली. ती कातडी खाते. अंगावर व्रण पडतात आणि कातडीतून श्वास घेणारा प्राणी संपतो. पाळण्यासाठी आशियातून आणलेल्या सॅलॅमँडरबरोबर ती युरोपात पोचली असावी असं मानतात. प्रयोगशाळेत ती आमच्या न्यूटला दिली तेव्हा न्यूट मेले. अमेरिकेनं जानेवारी २०१६ मध्ये २०१ जातींचे सॅलॅमँडर आणण्यावर बंदी घातली ती याचसाठी. इथल्या जंगलात ती बुरशी अजून मिळालेली नाही. कुणी हौसेनं पाळलेला सॅलॅमँडर कंटाळून तळ्यात सोडू नये, एवढं मी भेटेल त्याला सांगते.

करणारी माणसंही आहेत. अ‍ॅमहर्स्टच्या हेन्री स्ट्रीटखाली १९८७ मध्ये सॅलॅमँडरसाठी दोन बोगदे बांधले, या देशातले त्या प्रकारचे पहिले. वसंतातल्या पहिल्या उबदार पावसाच्या रात्री पिवळे ठिपके असलेले मोठे सॅलॅमँडर तिथून तळ्याकडे उतरतात. इकडे त्या रात्रीला 'बिग नाइट' म्हणतात. रात्रपाळी नसली तर मी रेनकोट घालून आमच्या रस्त्यावर उभी राहते. गाड्या हळू करायला टॉर्च हलवायचा आणि जे सापडतील ते पलीकडे न्यायचे. वहीत मोजदाद ठेवते. या वर्षी एका रात्रीत सतरा न्यूट, त्यातले चार चाकाखाली गेलेले.

त्याच वहीच्या मागच्या पानावर मोनार्कचे नंबर आहेत. कॅन्सस विद्यापीठातला मोनार्क वॉच उपक्रम १९९२ पासून नखाएवढ्या गोल चिकट चिठ्ठ्या पुरवतो. कठड्याखालच्या तिला मी सोडण्याआधी चिठ्ठी लावली. पंख मिटलेले, दोन बोटांत हलकेच धरलेली. अर्धा ग्रॅम वजन, लॅबमधल्या रिकाम्या नळीच्या बुचापेक्षा कमी. नराच्या मागच्या पंखावर काळा ठिपका असतो, हिला नव्हता. हात उघडला तर बोटावर क्षणभर बसली, पंख दोनदा उघडमिट केले आणि मेपलच्या वरून दक्षिणेला गेली.

डिसेंबरमध्ये तळ्यावर पहिला बर्फ धरला. काचेसारखा, वर अजून हिम पडलेलं नव्हतं. काठाशी गुडघे टेकून, हातांची सावली करून आत पाहिलं. बुडालेली पानं, एक फांदी, आणि फांदीपाशी शेवाळी रंगाचा एक न्यूट. बर्फाखालीही त्यांची हालचाल चालू असते. पाठीवर काळ्या कड्यांचे लाल ठिपके स्पष्ट दिसत होते. चपटी शेपटी एकदा हलवली, हातभर पुढं गेला आणि पानांवर चारही पाय टेकून थांबला. उन्हाळ्यात मी रस्त्यावरून उचललेल्यांपैकी तो असेल का, हे सांगायला त्याच्या अंगावर चिठ्ठी नव्हती. मी गुडघे गार पडेपर्यंत तिथंच बसून राहिले.